वित्तीय सेवांमधील पदव्युत्तर पदवी मुंबई विद्यापीठातून: प्रवेश अर्जापासून पदवी हातात येईपर्यंतचे नियम

मुंबई विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयातून मी २०२३ ते २०२५ या काळात बँकिंग अँड फायनान्स या शाखेत एम.कॉम. पूर्ण केले. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची आमची पहिली तुकडी होती आणि त्यामुळे नियम विचारायला आमच्याकडे कोणीच नव्हते. वरच्या वर्गातली मुले साठ-चाळीसच्या (साठ गुण लेखी परीक्षेला, चाळीस अंतर्गत) जुन्या पद्धतीने शिकलेली असल्याने त्यांचा सल्ला मनापासूनचा असला तरी आमच्या परीक्षेला तो लागू पडत नव्हता. कार्यालयाच्या खिडकीवर एकाच प्रश्नाला तीन दिवसांत तीन उत्तरे मिळत. जे नियम मी चुका करून शिकलो, ते तुम्हाला पहिल्या दिवशीच ठाऊक असावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे विवेचन मुख्यतः एम.कॉम.ला धरून आहे. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांमधील संलग्न महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असेल, तर पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण परीक्षेचे आणि गुणदानाचे नियम महाविद्यालयाचे स्वतःचे असतात. प्रवेश घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारा, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

१. कोणत्या दाराने आत जायचे ते ठरवा

वित्तीय क्षेत्रातील पदव्युत्तर शिक्षणाला मुंबईत एकच वाट नाही. बी.कॉम. किंवा त्याच्याच बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स), बीबीआय (बँकिंग अँड इन्शुरन्स), बीएफएम (फायनान्शियल मार्केट्स) या शाखा झालेल्या विद्यार्थ्याला एम.कॉम.ची वाट सरळ आहे. तिच्यासाठी राज्याची सीईटी नसते आणि प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर, पदवीच्या गुणांवरून लागणाऱ्या गुणवत्ता यादीने होतो. एमएमएस (व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी) करून फायनान्समध्ये विशेषीकरण करायचे असेल, तर राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, कोणत्याही शाखेच्या पदवीला किमान ५० टक्के (राज्यातील राखीव प्रवर्गाला ४५ टक्के) आणि त्यानंतर कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, असा तो प्रवास आहे. नियमित वर्गांना बसणे शक्य नसलेल्यांसाठी विद्यापीठाचे दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. पूर्वी ते ‘आयडॉल’ म्हणून ओळखले जाई आणि आजही बहुतेक जण त्याला आयडॉलच म्हणतात.

बँक, म्युच्युअल फंड, विमा किंवा ब्रोकिंग कंपनीत व्यवस्थापनाच्या पदावर लवकर पोहोचायचे असेल आणि शुल्काचा भार पेलणार असेल, तर एमएमएसचा विचार करावा. अध्यापन, संशोधन, बँकेच्या परीक्षा किंवा सीए-सीएसच्या जोडीने पदव्युत्तर पदवी हवी असेल, तर एम.कॉम. पुरते आणि शुल्कही बेताचे असते. केवळ नावाला वजन येईल म्हणून कर्ज काढून एमएमएसची वाट धरू नका, हे मी कळकळीने सांगतो.

२. नियम कुठे लिहिलेले असतात ते आधी शोधा

विद्यापीठाचे नियम एका पुस्तकात सापडत नाहीत. शासन निर्णय, विद्यापीठ अनुदान आयोगाची (पुढे नुसते ‘आयोग’) विनियमने, विद्यापीठाची परिपत्रके व ऑर्डिनन्स, तुमच्या विषयाचा मंजूर अभ्यासक्रम आणि महाविद्यालयाची माहितीपुस्तिका अशा पाच ठिकाणी ते विखुरलेले असतात. यांतला अभ्यासक्रमाचा दस्तऐवज सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विद्याशाखेनुसार मिळतो. विषय, प्रत्येकाचे क्रेडिट (विषयाचे वजन मोजण्याचे एकक), अंतर्गत व बाह्य गुणांची विभागणी, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, उत्तीर्ण होण्याची अट आणि पुढच्या वर्षात जाण्याची अट, हे सारे त्यात असते. आपल्या प्रवेशवर्षाचीच प्रत उतरवून घ्या, कारण अभ्यासक्रम बदलला तरी तुम्हाला साधारणतः प्रवेशवर्षाची योजनाच लागू राहते. मी ती प्रत छापून घेतली होती आणि दोन वर्षांत तिच्या कडा झिजल्या. कार्यालयात वाद झाला की तोंडी बोलण्यापेक्षा त्यातले पान उघडून दाखवणे नेहमी उपयोगी पडले.

३. कागदपत्रांची फाईल तयार ठेवा

पुढील कागदांच्या मूळ प्रती, प्रत्येकी तीन झेरॉक्स आणि स्कॅन केलेल्या फाइली जून महिन्यापूर्वीच जमवून ठेवाव्यात:

- दहावी व बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- पदवीच्या सर्व सहा सत्रांच्या गुणपत्रिका; नापास होऊन पुन्हा दिलेल्या परीक्षांच्याही
- पदवीचे प्रमाणपत्र किंवा उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला
- आधीच्या महाविद्यालयाचा लीव्हिंग किंवा ट्रान्स्फरन्स दाखला
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असल्यास मायग्रेशन सर्टिफिकेट
- आधार कार्ड आणि एबीसी (शैक्षणिक क्रेडिट बँकेचा) क्रमांक
- राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास चालू मुदतीचे नॉन-क्रिमिलेअर
- शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते
- शिक्षणात खंड असल्यास गॅपचे स्वयंघोषणापत्र
- नावात बदल असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र

रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचे असते आणि ते विद्यार्थी व पालक अशा दोघांचे असते. प्रत्येक शैक्षणिक वर्षाला ते नव्याने भरावे लागते, याचा अनेकांना दुसऱ्या वर्षी विसर पडतो.

सर्वांत त्रासदायक सापळा नावाचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव असा क्रम असतो. आधारवर आईचे नाव नसते आणि आडनाव शेवटी असते. एवढा फरक कार्यालयाला सवयीचा आहे. पण स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असेल, तर मात्र तो फरक पदवीपर्यंत तुमची पाठ सोडत नाही. माझ्या वडिलांच्या नावात बारावीच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर जास्त होते. पदवीला असताना मी ते दुर्लक्षित केले आणि एम.कॉम.च्या पात्रता तपासणीत नेमके तेच निघाले. प्रवेशापूर्वी सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडून स्पेलिंग अक्षरागणिक ताडून पाहा.

४. नावनोंदणी, महाविद्यालयाचा अर्ज आणि पात्रता

आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व ऑनलाइन नावनोंदणी करावी लागते, तिची छापील प्रत घ्यावी लागते आणि मग प्रत्येक महाविद्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. विद्यापीठाकडे नोंदणी केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे समजून दरवर्षी काही विद्यार्थी पहिली यादी गमावतात. यादी लागल्यावर शुल्क भरण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश आधी तात्पुरता असतो. मायग्रेशन आणि मूळ गुणपत्रिका तपासून विद्यापीठ पात्रता निश्चित करते, तेव्हाच तो कायम होतो. पुण्याहून, कोल्हापूरहून किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी मायग्रेशनसाठी प्रवेश होण्याची वाट पाहू नये. शेवटच्या सत्राचा निकाल लागताच अर्ज करावा. पात्रता अडली की निकाल राखून ठेवला जाऊ शकतो आणि हे बहुधा अगदी नोकरीची तारीख जवळ आली असतानाच कळते.

प्रवेश रद्द करण्याची वेळ आल्यास शुल्क परताव्याचे नियम आयोगाने २०१८ मध्ये ठरवून दिले आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता सर्व शुल्क परत मिळते. त्यानंतर हे प्रमाण ९०, ८० आणि ५० टक्के असे उतरत जाते आणि अंतिम तारखेला ३० दिवस उलटल्यावर काहीच मिळत नाही. अलीकडे आयोग दरवर्षी स्वतंत्र तारखाही जाहीर करत आला आहे, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने पडताळून लगेच परत द्यायची असतात, ती स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाहीत. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. परताव्याचे दिवस त्या तारखेपासूनच मोजले जातात.

५. पीआरएन आणि एबीसी: दोन क्रमांक, दोन कामे

पीआरएन हा विद्यापीठाचा १६ अंकी कायम नोंदणी क्रमांक आहे. हॉल तिकीट, निकाल, उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज, पदवी, सर्वत्र तोच लागतो. एबीसी म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेतले तुमचे खाते. ही व्यवस्था आयोगाने २०२१ मध्ये सुरू केली. डिजिलॉकरमधून काढलेला हा क्रमांक १२ अंकी असतो आणि तुम्ही मिळवलेले क्रेडिट विद्यापीठाने त्यात जमा करायचे असतात. साठवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात. एक वर्ष करून थांबायचे आणि नंतर परत यायचे असेल, तर या मर्यादेचा हिशेब ठेवा.

एबीसीवर आधारमधले नाव येते. ते महाविद्यालयाच्या नोंदीशी जुळले नाही, तर क्रेडिट जमा होत नाहीत आणि त्याची सूचना कोणी देत नाही. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर स्वतः डिजिलॉकर उघडून खात्री करून घ्या.

६. क्रेडिटचा हिशेब समजून घ्या

इथे थोडे थांबून वाचावे, कारण बाकीचे सगळे नियम याच हिशेबावर उभे आहेत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला चार सत्रे आणि प्रत्येक सत्राला २२ याप्रमाणे एकूण ८८ क्रेडिट असतात. पहिल्या सत्रात मुख्य विषयांचे १४ (चार क्रेडिटचे तीन विषय आणि दोन क्रेडिटचा एक), ऐच्छिक विषयाचे ४ आणि संशोधन पद्धतीचे ४. दुसऱ्यात संशोधन पद्धतीच्या जागी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४. तिसऱ्यात त्या जागी संशोधन प्रकल्पाचे ४. चौथ्यात मुख्य विषयांचे १२, ऐच्छिक ४ आणि संशोधन प्रकल्पाचे ६.

पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पूर्ण करून बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. ऑनर्ससह चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षात पदव्युत्तर पदवी पूर्ण करण्याची तरतूद याच चौकटीत आहे.

ऐच्छिक विषयांबाबत एक इशारा देतो. अभ्यासक्रमात चार-पाच पर्याय छापलेले असले, तरी महाविद्यालय त्यांतले एक किंवा दोनच शिकवते. ‘डेरिव्हेटिव्ह्ज’ शिकण्याच्या इच्छेने कोणी प्रवेश घेत असेल, तर तो विषय तिथे प्रत्यक्ष शिकवला जातो का, हे शुल्क भरण्यापूर्वी विभागप्रमुखांना विचारावे. स्वयम्‌वरील (केंद्र सरकारच्या शिक्षण व्यासपीठावरील) ऑनलाइन अभ्यासक्रमांचे क्रेडिट एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा आयोगाच्या २०२१ च्या विनियमनात आहे, पण विद्यापीठाने तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य केलेला असला तरच. तसेच एनआयएसएमची (सेबीने स्थापन केलेल्या रोखे बाजार शिक्षण संस्थेची) प्रमाणपत्रे नोकरीसाठी अतिशय उपयोगी आहेत आणि मी स्वतः म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा दिली, पण अभ्यासक्रमात तसे लिहिलेले नसेल, तर त्यांचे एकही क्रेडिट पदवीत मिळत नाही.

७. अंतर्गत गुण आणि हजेरी

चार क्रेडिटच्या विषयाला १०० गुण असतात: ५० अंतर्गत आणि ५० सत्रान्त परीक्षेचे. दोन क्रेडिटच्या विषयाला ५० गुण, म्हणजे २५ आणि २५. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के मिळवावे लागतात. अंतर्गतमध्ये ४५ आणि लेखी परीक्षेत १८ असे एकूण ६३ गुण असले, तरी तो विद्यार्थी नापासच ठरतो. हे आमच्या वर्गात पहिल्या निकालाच्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा कळले.

अंतर्गत गुण म्हणजे महाविद्यालय सहज देऊन टाकते ती गोष्ट, ही जुनी समजूत सोडून द्या, कारण आता ते निम्मे आहेत. चाचणी, सादरीकरण, प्रकल्प यांच्या तारखा लिहून ठेवा. दिलेल्या प्रत्येक लेखी कामाची एक प्रत आणि जमा केल्याची नोंद स्वतःजवळ असू द्या. माझी एका विषयाची असाइनमेंट जमा करूनही यादीत ‘अनुपस्थित’ असा शेरा आला होता. जमा करताना नोंदवहीत केलेल्या सहीचा मोबाइलवर फोटो काढलेला होता, म्हणूनच ती दुरुस्ती निकालापूर्वी झाली.

हजेरीची अट ७५ टक्क्यांची आहे. ती पूर्ण न झाल्यास नाव डिफॉल्टर यादीत जाते आणि टर्म मंजूर होत नाही. एम.कॉम.चे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असतात, म्हणून नोकरी करणारे विद्यार्थी प्रवेश घेतात आणि दोन महिन्यांत हजेरीत मागे पडतात. आजारपण असल्यास वैद्यकीय दाखला त्याच आठवड्यात द्या. सत्राच्या शेवटी आणलेल्या दाखल्याकडे कार्यालय संशयाने पाहते आणि त्यात त्यांची चूक नाही.

८. ग्रेड कसा निघतो

गुण थेट सरासरीत जात नाहीत, आधी त्यांचे ग्रेड पॉइंट होतात. ९० ते १०० टक्क्यांना १०, ८० ते ९० च्या आतल्यांना ९, ७० पासून ८, ६० पासून ७, ५५ पासून ६, ५० पासून ५, ४० पासून ४ आणि त्याखाली शून्य. मग प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या सत्रात चार क्रेडिटच्या पाच विषयांत तुम्हाला ८, ७, ६, ७ आणि ५ असे पॉइंट मिळाले आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ मिळाले. चार क्रेडिटचे गुणाकार ३२, २८, २४, २८ आणि २०. दोन क्रेडिटचा १८. बेरीज १५०. तिला २२ ने भागले की एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी, ६.८२ येतो. आता ज्या चार क्रेडिटच्या विषयात ६ पॉइंट आहेत, तिथे ५९ गुण होते असे समजा. एक गुण वाढून ६० झाले असते, तर पॉइंट ७, बेरीज १५४ आणि एसजीपीए ७.०० झाला असता. एका गुणाने एवढा फरक पडतो. म्हणून ५४, ५९, ६९ अशा काठावरच्या गुणांवर फोटोकॉपी मागवण्याचा विचार अवश्य करावा. ६३ चे ६६ करून घेण्यासाठी खर्च करण्यात अर्थ नाही, कारण ग्रेड तोच राहतो.

५५ टक्क्यांची रेषाही लक्षात ठेवा. खुल्या प्रवर्गाला नेट, सेट आणि पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गाला त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. पहिल्या सत्रात ‘फक्त पास झालो तरी चालेल’ असे मानणारे विद्यार्थी चौथ्या सत्रात ही रेषा गाठण्यासाठी धडपडताना मी पाहिले आहेत.

९. ऑन जॉब ट्रेनिंग: १२० तासांचा पुरावा

चार क्रेडिट आणि प्रत्येकी ३० तास, असे हे १२० तासांचे काम आहे. सहकारी बँकेची शाखा, पतपेढी, सीए फर्म, ब्रोकरचे कार्यालय, म्युच्युअल फंड वितरक, विमा कंपनी, यांपैकी कुठेही ते करता येते. मात्र ठिकाणाला आधी महाविद्यालयाची संमती घ्यावी. नातेवाइकाच्या दुकानाचा शिक्का आणून देण्याचा मोह टाळा. तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांत ते उघडे पडते, आणि या पदवीत प्रत्यक्ष कामकाज शिकण्याची ही एकच संधी असते.

मी एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत कर्ज विभागात बसलो. रोज सकाळी साडेदहा ते अडीच, असे ३० दिवस. पहिल्या आठवड्यात मला फक्त गृहकर्जाच्या फायलींमधले कागद चेकलिस्टशी ताडायचे काम दिले होते: पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म १६, करारनामा, शोध अहवाल, मूल्यांकन अहवाल. मला ते कंटाळवाणे वाटे. मग एका फायलीत मूल्यांकन अहवालातले क्षेत्रफळ आणि करारनाम्यातले क्षेत्रफळ वेगळे असल्याचे माझ्या लक्षात आले. तेव्हा अधिकाऱ्यांनी मला शेजारी बसवून तारण म्हणजे काय आणि एका आकड्याने कर्जाची मर्यादा कशी बदलते, ते समजावले. वर्गात दोन तासांत न कळलेली गोष्ट त्या वीस मिनिटांत कळली.

चूक झाली ती प्रमाणपत्रात. बँकेने ‘एक महिना प्रशिक्षण घेतले’ एवढेच लिहून दिले आणि महाविद्यालयाने ते परत केले. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात सुरुवातीची व शेवटची तारीख, एकूण तास, कामाचे स्वरूप, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सही व शिक्का असावा. हा मजकूर तुम्ही स्वतः टाइप करून त्यांच्यासमोर ठेवला, तर त्यांचेही काम सोपे होते. रोजची नोंदवही त्याच दिवशी लिहा आणि आठवड्याला एकदा सही घ्या. अहवालात ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक किंवा पॅन कधीही येऊ देऊ नका. बँकेने तुमच्यावर टाकलेल्या विश्वासाचा तो प्रश्न आहे.

१०. संशोधन प्रकल्प: विषय लहान करा

दोन सत्रांत मिळून या प्रकल्पाचे १० क्रेडिट आहेत, म्हणजे चार क्रेडिटच्या दोन विषयांहून जास्त. तरीही बहुतेक जण याला शेवटच्या तीन आठवड्यांत हात घालतात. तिसऱ्या सत्रात विषय, उद्दिष्टे, आधीच्या संशोधनाचा आढावा आणि प्रश्नावली हे काम उरकले, तर चौथ्यात माहिती गोळा करून विश्लेषणाला वेळ मिळतो.

‘भारतातील म्युच्युअल फंडांचा अभ्यास’ हा विषय दोन सत्रांत होण्यासारखा नाही. ‘डोंबिवलीतील तिशीच्या आतील पगारदारांचा एसआयपी बंद करण्यामागील विचार’ हा होऊ शकतो. दुय्यम माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस, सेबीचे वार्षिक अहवाल आणि अ‍ॅम्फीची (म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेची) मासिक आकडेवारी विनामूल्य उपलब्ध आहे. मार्गदर्शकांची भेट झाली की त्यांनी सुचवलेले बदल तारखेसह लिहून त्यांना ईमेल करा. विषय बदलल्याबद्दल पुढे वाद झाला, तर तोच पुरावा असतो.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाचे २०१८ चे विनियमन प्रबंध व लघुप्रबंधांना लागू होते. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आहे आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होऊ शकते. अहवाल छपाईला देण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून साम्य तपासणी करून घ्यावी.

११. परीक्षा, निकाल आणि केटी

परीक्षेचा अर्ज महाविद्यालयामार्फत, मुदतीत भरावा. हॉल तिकिटावरचे विषय एकेक करून तपासावेत. ऐच्छिक विषयाचा संकेतांक चुकण्याचे प्रमाण मोठे आहे आणि तो परीक्षेच्या दिवशी बदलता येत नाही. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, म्हणून गडद निळ्या किंवा काळ्या शाईने, समासाच्या आत लिहावे. बारकोड स्टिकर नेमून दिलेल्या जागीच लावावा आणि पुरवणीची संख्या नोंदवण्यास विसरू नये. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी विद्यापीठाचा ऑर्डिनन्स ५०५० लागू होतो. मोबाइल खिशात बंद अवस्थेत सापडला तरी प्रकरण समितीपुढे जाऊ शकते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. निकालानंतर फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मोजके दिवस मिळतात, ते गेले की संधी जाते. मूल्यांकन झालेली स्वतःची उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे, हेही ठाऊक असू द्या.

पहिल्या सत्रात कितीही विषय राहिले, तरी दुसऱ्या सत्रात जाता येते. तिसऱ्या सत्रात जाताना मात्र राहिलेल्या विषयांच्या संख्येची अट आडवी येते आणि ती तुमच्या अभ्यासक्रमाच्या प्रतीत लिहिलेली असते. केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या, परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही. अंतर्गत भागात केटी असेल, तर ती विद्यापीठाकडे नसून महाविद्यालयाकडे द्यायची असते. या फरकामुळे माझ्या एका मैत्रिणीचे सबंध सत्र वाया गेले.

१२. सोबत नोकरी, आर्टिकलशिप किंवा दुसरी पदवी

सीएची आर्टिकलशिप (प्रत्यक्ष प्रशिक्षण) चालू असताना एम.कॉम. करायचे असेल, तर सीए संस्थेची (आयसीएआय) पूर्वपरवानगी फॉर्म ११२ भरून घ्यावी लागते. ती न घेतल्यास अडचण पदवीला येत नाही, आर्टिकलशिपच्या काळाला येते, आणि ती जास्त महागात पडते. २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गांच्या असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन, हे सर्वांत सोयीचे.

१३. पदवी हातात घेताना

चौथ्या सत्राचा निकाल म्हणजे पदवी नव्हे. दीक्षान्त समारंभासाठी अर्ज व शुल्काची सूचना येते, तेव्हा नावाचे देवनागरी आणि रोमन असे दोन्ही लेखन तपासून मंजुरी द्यावी. छापल्यानंतरची दुरुस्ती वेळखाऊ आहे. परदेशी जाणाऱ्यांनी, विशेषतः कॅनडा किंवा अमेरिकेसाठी मूल्यांकन करून घेणाऱ्यांनी, ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज वेगळा करावा आणि त्यासाठी पदवी व पदव्युत्तर अशा सर्व सत्रांच्या गुणपत्रिका एकत्र जोडाव्यात. महाविद्यालय सोडण्यापूर्वी ग्रंथालयाचे ना-हरकत पत्र, अनामत रकमेचा परतावा आणि लीव्हिंग दाखला घ्यावा. अनामत रकमेची मूळ पावती हरवली, तर ती रक्कम मिळवणे फार कठीण जाते, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच तिचा फोटो काढून फाईलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा.